ग्रहणकारी जोडताऱ्यांचा लाइट कर्व्ह कसा सोडवायचा: मॉडेलच्या नादी लागण्याआधी वेळ नीट काढा

ग्रहणकारी जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना झाकणारे दोन तारे, कसे अभ्यासायचे असं शोधायला गेलात की बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच पायरीला मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर उघडतात आणि स्क्रीनवर दोन गोळे एकमेकांभोवती गरागरा फिरवून दाखवतात, दिसायला झकास, पण त्या गोळ्यांच्या खाली जो डेटा आहे त्यातली वेळ बरोबर आहे का हे कुणी विचारतच नाही. लाइट कर्व्ह म्हणजे ताऱ्याचं तेज वेळेनुसार कसं बदलतं त्याचा आलेख, त्यात दोनच गोष्टी असतात, तेज आणि वेळ. तेजात गडबड झाली तर आलेख विस्कटतो आणि डोळ्याला लगेच कळतं. वेळेत गडबड झाली तर आलेख तसाच देखणा राहतो आणि उत्तर मात्र साफ चुकतं. म्हणून इथे मॉडेलला थोडी जागा देणार आहे आणि वेळेला भरपूर.

डार्क, फ्लॅट (कॅमेऱ्याचे दोष काढायच्या फ्रेम) आणि डिफरेन्शियल फोटोमेट्री (शेजारच्या स्थिर ताऱ्याशी, म्हणजे कम्पॅरिझन ताऱ्याशी, तुलना करून तेज मोजणं) हे तुम्हाला येतं असं धरून चाललोय. येत नसेल तर आधी ते शिका, चार रात्रींचं काम आहे.

तारा निवडणं

सगळे सांगतात अलगोलपासून सुरुवात करा. नका करू. अलगोल डोळ्यांनी बघायला मस्त आहे, ययातीतला हा तारा २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी २.१ वरून ३.४ मॅग्निट्यूडपर्यंत मंदावतो (आकडा मोठा तितका तारा मंद), १७८३ साली जॉन गुडरिकने नुसत्या डोळ्यांनी त्याचा पिरियड, म्हणजे एका फेरीचा काळ, काढला आणि एखादं काळं शरीर त्याच्या पुढून जात असावं असं सुचवलं, ते सगळं खरं. पण त्याचं एक ग्रहण दहाएक तास चालतं, म्हणजे एका रात्रीत उतार आणि चढ दोन्ही नीट मिळणं मुश्कील, शिवाय इतक्या तेजस्वी ताऱ्याच्या जवळ त्याच तोडीचा कम्पॅरिझन तारा फ्रेममध्ये मिळत नाही, आणि सेकंडरी मिनिमम (एका फेरीत तेजाचे दोन खड्डे पडतात, खोल तो प्रायमरी मिनिमम, दुसरा सेकंडरी) इतका उथळ की साध्या कॅमेऱ्याने विसराच.

त्यापेक्षा डब्ल्यू अर्सा मेजॉरिस घ्या. सप्तर्षीत आहे, साधारण ७.७५ ते ८.४८ मॅग्निट्यूड, पिरियड ०.३३३६ दिवस म्हणजे आठ तास, दोन्ही मिनिमा जवळपास सारखे खोल, दर चार तासांनी एक. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकहून मध्यरात्रीच्या आसपास उत्तरेला चांगला वर असतो. एकच खोड आहे. तीन पिरियड मिळून १.०००९ दिवस होतात, म्हणजे तोच मिनिमम दुसऱ्या दिवशी जेमतेम सव्वा मिनिट उशिरा येतो, त्यामुळे तुम्ही रोज अकरा ते तीन बसलात तर रोज लाइट कर्व्हचा तोच अर्धा भाग मिळणार, उरलेला हवा असेल तर एक दिवस संध्याकाळीच सुरुवात करा आणि एक दिवस पहाटेपर्यंत जागा.

जागेचं म्हणाल तर गंगापूर धरणाच्या बाजूला शहराचा सगळा उजेड पूर्वेला येतो, अंजनेरीच्या पायथ्याशी गेलात तरी तेच, म्हणजे तारा चढत असताना पिवळट पट्ट्यात आणि मावळतीकडे झुकला की स्वच्छ आकाशात. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे. आणि जानेवारीच्या थंडीत लेन्सवर दव बसतं, तारा हळूहळू मंदावायला लागतो आणि नवखा माणूस खुश होतो की ग्रहण लागलं. कम्पॅरिझन तारा पण तसाच मंदावतोय का बघा, मंदावत असेल तर कापड घेऊन उठा.

डेटा

स्वतःचा असेल तर एक्स्पोजर पिरियडच्या एक टक्क्याच्या बराच आत ठेवा आणि कम्पॅरिझन तारा शक्यतो त्याच रंगाचा निवडा. बस.

जून ते सप्टेंबर नाशिकमध्ये आकाश नावाची गोष्ट नसते, तेव्हा नासाच्या टेस या दुर्बीण-उपग्रहाचा डेटा उतरवून काम करा. फुकट आहे, एका सेक्टरमध्ये (आकाशाच्या एका पट्ट्यात) साधारण २७ दिवस जवळजवळ सलग निरीक्षण मिळतं, आपल्या गच्चीवरून असं सात जन्मात मिळणार नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. एक, टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा आहे, शेजारच्या ताऱ्याचा उजेड बिनदिक्कत आत येतो आणि ग्रहण खऱ्यापेक्षा उथळ दिसतं. दुसरी जास्त महत्त्वाची. टेसची जवळजवळ सगळी ट्युटोरिअल्स परग्रह शोधणाऱ्यांनी लिहिलेली असतात आणि त्यात पहिलंच वाक्य असतं की डेटा फ्लॅटन करा, म्हणजे हळू होणारे बदल काढून आलेख सपाट करा. त्यांच्यासाठी ठीक आहे, त्यांना ताऱ्याची चढउतार नकोच असते. आपल्याला तीच हवी असते! जोडताऱ्याचा डेटा फ्लॅटन केलात की ग्रहणाबाहेरची वक्रता, म्हणजे तारे एकमेकांच्या ओढीने लांबुळके झालेत त्याचा पुरावा, फिल्टर गिळून टाकतो, आणि कधीकधी ग्रहणाचाही लचका तोडतो. सरळ नॉर्मलाइझ करा (सगळं तेज सरासरीने भागा), फार तर एक रेघेचा ट्रेंड काढा, त्यापुढे हात लावू नका.

टेसच्या पहिल्या दोन वर्षांतल्या पूर्ण फ्रेम दर ३० मिनिटांनी साठवलेल्या आहेत. सहा तासांच्या पिरियडच्या ताऱ्याला तीस मिनिटं म्हणजे आख्ख्या चक्राचा आठ टक्के भाग एका बिंदूत चेपलेला, मिनिममचा टोकदार तळ गोल होऊन जातो. अशा ताऱ्याला दोन मिनिटांचा डेटा आहे का ते आधी बघा.

पिरियड

लॉम्ब-स्कार्गल ही पिरियड शोधायची पद्धत चालवा आणि जे उत्तर येईल त्याची दुप्पट करा. चेष्टा नाही, ती पद्धत डेटावर एक साइन लाट बसवते आणि आपल्या ताऱ्याला एका फेरीत दोन खड्डे असतात, त्यामुळे एका खड्ड्यापासून दुसऱ्या खड्ड्यापर्यंतचं अंतर तिला पिरियड वाटतं. दुप्पट पिरियडवर फोल्ड करा, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवा, दोन मिनिमांच्या खोलीत किंवा आकारात बारीकसा फरक दिसला की झालं. अलगोलसारख्या टोकदार ग्रहणाला साइन लाट मुळातच बसत नाही, तिथे बॉक्स बसवणारी पद्धत किंवा पीडीएम (फोल्ड केल्यावर बिंदू कमीत कमी विखुरतील तो पिरियड शोधणारी पद्धत) वापरा. गच्चीवरच्या डेटात चोवीस तासांची फट असल्यामुळे दिवसाला एक चक्र जास्त किंवा कमी असे खोटे पिरियड पण वर येतात, तेव्हा व्हीएसएक्स या बदलत्या ताऱ्यांच्या कॅटलॉगमधला आकडा शेजारी ठेवूनच बघा, त्यात कमीपणा काही नाही.

आता वेळ

या टप्प्याने माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लंय आणि इथेच सगळ्यात भंगार सल्ले मिळतात, त्यामुळे सावकाश वाचा.

सुरुवात कॅमेऱ्याच्या घड्याळापासून. डीएसएलआरचं घड्याळ हे लग्नाचे फोटो काढायला दिलेलं आहे, ते रोज थोडं सरकतं. लॅपटॉपने कॅमेरा चालवत असाल तर लॅपटॉपचं घड्याळ सत्राच्या आधी टाइम सर्व्हरशी जुळवा, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर आहे, आणि रात्री मध्येच एकदा परत तपासा, कारण धरणावर रेंज गेली की जुळवणी बंद पडते आणि ते काही तुम्हाला सांगत नाही. नुसता कॅमेरा असेल तर सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलवर सेकंदासकट घड्याळ लावून त्याचा एक फोटो काढा. फोटोत दिसणारी वेळ आणि फाइलवर छापलेली वेळ यातला फरक म्हणजे तुमचं करेक्शन. मग बघा की फाइलवरची वेळ एक्स्पोजर सुरू झाल्याची आहे का संपल्याची, हे कॅमेऱ्यागणिक आणि सॉफ्टवेअरगणिक बदलतं, आपल्याला लागते मधली. साठ सेकंदांच्या एक्स्पोजरला तीस सेकंदांचा फरक पडतो आणि तो सगळ्या बिंदूंना एकाच दिशेने पडतो, सरासरी काढून जात नाही.

मग आयएसटी (भारतीय वेळ) ते यूटी (जागतिक वेळ). साडेपाच तास वजा, म्हणजे ०.२२९१७ दिवस, शाळेतल्या पोराला येईल. तरी इथेच सगळे आपटतात, कारण सॉफ्टवेअर लॅपटॉपचा टाइमझोन बघून साडेपाच तास आपोआप वजा करतं आणि वर आपण हाताने परत करतो, किंवा उलट, दोघंही एकमेकांवर सोडून देतो. एक तपासणी सांगतो, ती भिंतीवर लिहून ठेवा. जुलियन दिवस (जेडी, खगोलातली दिवसांची सलग मोजणी) यूटीच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला, त्यामुळे भारतातली आख्खी रात्र एकाच जेडीत बसते, युरोपवाल्यांसारखीच आपली सोय आहे. २४ फेब्रुवारी २०२३ ला संध्याकाळी साडेपाचला जेडी बरोबर २४६००००.० होता. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही तारीख-वेळ घाला, हा आकडा आला तर पुढे चला. ०.२२९ चा किंवा ०.४५८ चा फरक आला तर कुठे दोनदा वजा झालंय ते शोधा.

आता कुणी म्हणेल, साडेपाच तासांची चूक एवढी मोठी आहे की ती दिसेलच की. नाही दिसत, हीच तर गंमत आहे. ताऱ्याचं चक्र परत परत येतं, त्यामुळे चुकीतून पूर्ण पिरियड वजा होतो आणि फक्त बाकी उरते, ती बाकी छोटी आणि अगदी खरीखुरी वाटणारी असू शकते. डब्ल्यू अर्सा मेजॉरिसला ०.२२९ मधून अर्धा पिरियड गेला की उरतो ०.०६२ दिवस, म्हणजे दीड तास, आणि दोन्ही मिनिमा सारखेच खोल असल्यामुळे तुम्हाला वाटणार तारा दीड तास उशिरा आला.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण केआयसी ९८३२२२७. हंस समूहातली ही जोडी, तारे एकमेकांना चिकटलेले, पिरियड साधारण ११ तास. २०१७ मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर केलं की हिचा पिरियड झपाट्याने कमी होतोय आणि २०२२ च्या सुमाराला दोन्ही तारे एकमेकांत मिसळून नुसत्या डोळ्यांना दिसेल असा लाल नोव्हा, म्हणजे अचानक भडकलेला लाल तारा, होईल. कल्पना हवेतली नव्हती, व्ही १३०९ स्कॉर्पाय २००८ मध्ये असाच भडकला होता आणि त्याआधी त्याचा पिरियड कमी होत गेल्याचं जुन्या डेटात सापडलं होतं. मग २०१८ मध्ये दुसऱ्या एका गटाने जुना डेटा परत उकरला तेव्हा कळलं की आधीच्या एका शोधनिबंधात मिनिममची वेळ छापताना १२ तासांची चूक झाली होती. बारा तासांतून अकरा तासांचा पिरियड गेला, उरला एक तास. त्या एका तासावर सगळी भविष्यवाणी उभी होती. पहिल्या गटाने चूक मान्य केली, २०२२ आलं आणि गेलं, काहीही झालं नाही. व्यावसायिक लोकांचं असं होतं तर गच्चीवरच्या आपण सगळ्यांनी जेडी दोनदा तपासायला काय हरकत आहे.

पुढची गोष्ट, सूर्याकडची वेळ. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वर्षातले काही महिने आपण ताऱ्याच्या जवळ असतो आणि काही महिने लांब. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला ४९९ सेकंद लागतात, म्हणून क्रांतिवृत्ताजवळच्या (आकाशातल्या सूर्याच्या वाटेजवळच्या) ताऱ्याला ही लुडबुड ८.३ मिनिटं इकडे नि ८.३ मिनिटं तिकडे अशी होते. डब्ल्यू अर्सा मेजॉरिस क्रांतिवृत्तापासून बराच वर आहे म्हणून त्याला ६.४ मिनिटं, अलगोलला ७.७. हे करेक्शन विसरलात तर तुमच्या मिनिमांत बरोब्बर एका वर्षाची सुंदर साइन लाट उमटते, आणि मग माणूस धावत येऊन सांगतो की मला जोडीत तिसरा तारा सापडला! एका वर्षाची लाट दिसली की तिसरं शरीर म्हणजे आपली पृथ्वी, एवढं समजून घ्या.

करेक्शन केलेल्या वेळेचे पण दोन प्रकार फिरत असतात, एचजेडी सूर्याच्या केंद्राचा आणि बीजेडी सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याचा. या दोन केंद्रांमुळे पडणारा फरक फार तर चारेक सेकंद, तो सोडून द्या. खरी भानगड घड्याळाची आहे. बीजेडी बहुतेक वेळा टीडीबी या एकसारख्या वेळेत दिलेला असतो आणि एचजेडी बहुतेक वेळा यूटीसीमध्ये (घड्याळात वापरतो ती जागतिक वेळ), आणि २०१७ पासून या दोन घड्याळांत ६९.१८ सेकंदांचा फरक आहे. टेसच्या वेळा टीडीबीत येतात आणि त्यातून २४५७००० आधीच वजा केलेले असतात, केप्लर या जुन्या अवकाश दुर्बिणीच्या वेळांमधून २४५४८३३ वजा केलेले असतात, जमिनीवरच्या बऱ्याच सर्व्हे डेटात एचजेडी असतो. हे सगळं एका फाइलमध्ये कालवलंत की सव्वा मिनिटाची एक पायरी तयार होते आणि ती ताऱ्याची नसते. मी सगळं बीजेडी टीडीबीत आणूनच मग बाकीचं बघतो, तुम्हीही तेच करा, कोण काय म्हणतंय ते ऐकू नका.

मिनिमम काढणं

सगळ्यात कमी तेजाचा बिंदू म्हणजे मिनिमम, हा सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी मिनिमम काढलेला नसतो. तळाशी आलेख सपाट असतो, तिथे सगळ्यात खालचा बिंदू कोण ठरवतं तर त्या क्षणाचा नॉइज, म्हणजे मोजमापातली आपोआपची थरथर. वेळ दडलेली असते दोन्ही बाजूंच्या उतारांत, जिथे तेज पटापट बदलतंय.

जुनी पद्धत आजही उत्तम आहे. उतारावर आणि चढावर सारख्या तेजाचे दोन क्षण पकडा आणि त्यांचा मध्य काढा. समजा २४ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री, आकडे उदाहरणाचे आहेत, डब्ल्यू अर्सा मेजॉरिस ८.२५ मॅग्निट्यूडला उतरताना १०:३६ ला होता आणि चढताना ११:५७ ला, मध्य आला ११:१६:३०. खाली ८.४० मॅग्निट्यूडला उतरताना १०:५५ आणि चढताना ११:३७, मध्य ११:१६. दोन्ही मध्य अर्ध्या मिनिटात आहेत, म्हणजे मिनिमम सव्वाअकराच्या जरा पुढे, जेडी २४६००००.२४०, आणि या ताऱ्याला त्या तारखेला सूर्याचं करेक्शन साधारण साडेपाच मिनिटं मिळवायचं. अशा पाच-सहा पातळ्यांवर मध्य काढा. मध्य इकडेतिकडे विखुरलेले असतील तर तो नॉइज. पण वरून खाली येताना ते एकाच दिशेला सरकत गेले तर उतार आणि चढ सारखे नाहीत, आणि त्याचं कारण पुष्कळदा ताऱ्यात नसून आकाशात असतं: तो वर सांगितलेला पूर्वेचा उजेड, किंवा तारा क्षितिजाकडे जाताना निळ्या आणि लाल ताऱ्याचं तेज वेगवेगळ्या प्रमाणात घटणं. म्हणूनच कम्पॅरिझन तारा त्याच रंगाचा घ्या म्हटलं होतं.

ज्यांना हाताने करायला आवडतं त्यांनी आलेखाची प्रिंट काढून त्यावर बटर पेपर ठेवावा, गिरवावा, पेपर उलटा करावा आणि दोन आलेख एकमेकांवर बसेपर्यंत सरकवावा. हसू नका, पूर्वी वेधशाळांमध्ये ट्रेसिंग पेपरवर असंच करत, आणि आपला आलेख किती तिरका आहे हे यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आकड्यातून कळत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक सगळे क्वी आणि व्हान वुर्डेन यांची १९५६ ची पद्धत वापरतात. हेच काम ती गणिताने करते, आलेख एका वेळेभोवती दुमडून बघते. पद्धत चांगली आहे पण तिला दोन्ही बाजू पूर्ण हव्यात, बिंदू सारख्या अंतरावर हवेत आणि ग्रहण सममित हवं, आणि हे सगळं असलं तरी ती एरर नेहमी कमी सांगते. तीन सेकंदांची एरर दाखवून नाचणारे लोक बघितलेत मी, ढगातून काढलेल्या डेटावर! खरी एरर कशी काढायची सांगतो: तळाच्या आजूबाजूचे वीस मिनिटांचे बिंदू घेऊन फिट करा, मग चाळीस मिनिटांचे, मग तासाभराचे, मग मधले काही बिंदू मनाला येतील तसे गाळून परत. मिनिमम जेवढा हलतो तेवढी तुमची एरर. साध्या दुर्बिणीला अर्धं-एक मिनिट आली तर ती प्रामाणिक आहे, लिहून टाका.

आणि अर्धवट ग्रहण टाकून द्या. उतार मिळाला आणि मग ढग आले, तर तो डेटा फोल्ड केलेल्या आलेखाला चालेल, मिनिममसाठी नाही. मन मारून टाका. अर्ध्या ग्रहणातून मिनिमम ओढून काढलेला एक बिंदू पुढच्या सगळ्या बिंदूंना त्रास देतो.

ओ मायनस सी

मोजलेली वेळ वजा गणिताने येणारी वेळ. संदर्भाच्या मिनिममपासून किती चक्रं झाली ते मोजा, पिरियडने गुणा, फरक काढा, सेकंडरी असेल तर अर्धं चक्र धरा, आणि हा फरक चक्रांच्या संख्येसमोर मांडा. सरळ तिरपी रेघ आली तर तुमचा पिरियड चुकीचा आहे, ताऱ्याला काही झालेलं नाही. पॅराबोला आला तर पिरियड खरंच बदलतोय, बहुधा एका ताऱ्याचं वस्तुमान दुसऱ्याकडे वाहतंय. लाट आली आणि ती एका वर्षाची नसली तर तिसरं शरीर असू शकतं. प्रायमरी एकीकडे आणि सेकंडरी बरोबर उलटीकडे जात असेल तर कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि ती स्वतःच फिरतेय.

सावध राहायचं ते चक्रांच्या मोजणीत. डब्ल्यू अर्सा मेजॉरिसची वर्षाला १०९५ चक्रं होतात. पिरियडमध्ये पाचव्या दशांश स्थळी एकाचा फरक, म्हणजे एका चक्राला एक सेकंदही नाही, तरी वर्षभरात तो सोळाएक मिनिटं होतो. पाच-सात वर्षं मध्ये काहीच निरीक्षण नसेल तर साचलेला फरक पाव पिरियडकडे जातो आणि मग मधे किती चक्रं झाली याचा पत्ताच लागत नाही, प्रायमरी कुठला नि सेकंडरी कुठला तेही नाही. अशा ठिकाणी रेघ ओढून जोडू नका, मधल्या वर्षांचे मिनिमा सर्व्हे डेटात शोधा. आणि चार बिंदूंवर पॅराबोला बसवून वस्तुमान वाहतंय असं लिहिणाऱ्यांपासून लांब राहा, चार बिंदूंवर काहीही बसतं.

मग मॉडेल

आता उघडा फीबी, हे जोडताऱ्यांचं मॉडेलिंग सॉफ्टवेअर. फुकट आहे, आत विल्सन आणि डेव्हिनी यांच्या १९७१ च्या पद्धतीचाच वारसा आहे.

त्याआधी पाच मिनिटं फोल्ड केलेला आलेख नुसता बघा, बरंच काही तो फुकटात सांगतो. तळ सपाट असेल तर ग्रहण पूर्ण आहे किंवा छोटा तारा मोठ्याच्या पुढून जातोय. कक्षा वर्तुळाकार असेल तर दोन्ही ग्रहणांत झाकलं जाणारं क्षेत्रफळ सारखंच असतं, त्यामुळे दोन मिनिमांच्या खोलीतला फरक ताऱ्यांच्या तापमानाचा आहे, आकाराचा नाही, हे कितीदा सांगितलं तरी लोक खोल मिनिमम म्हणजे मोठा तारा असंच धरून चालतात. सेकंडरी बरोबर ०.५ फेजला, म्हणजे फेरीच्या अर्ध्यावर, नसेल तर कक्षा लंबवर्तुळ. दोन कमाल उंच्या सारख्या नसतील तर बहुधा ताऱ्यावर डाग, त्याला ओकॉनेल परिणाम म्हणतात.

मॉडेलमध्ये सगळे आकडे एकदम मोकळे सोडू नका. गरम ताऱ्याचं तापमान रंगावरून ठरवून लॉक करा. थंड, साधारण सात हजार केल्विनच्या खालचे तारे असतील तर ग्रॅव्हिटी डार्कनिंग (लांबुळक्या टोकाला तेज किती घटतं) ०.३२ आणि अल्बेडो (शेजाऱ्याचा किती उजेड परत फेकतो) ०.५, गरम असतील तर दोन्ही १, लॉक. मोकळे ठेवायचे ते कक्षेचा कल, दुसऱ्याचं तापमान आणि दोघांचे आकार, तेही कक्षेच्या मानाने, किलोमीटरमध्ये नाही. नुसत्या लाइट कर्व्हमधून ताऱ्यांचं वस्तुमान निघत नाही, त्याला स्पेक्ट्रमवरून वेग मोजावे लागतात. वस्तुमानांचं गुणोत्तर तरी निघतं का, तर चिकटलेल्या जोडीत पूर्ण ग्रहण असेल तर बऱ्यापैकी, नाहीतर गुणोत्तराच्या वेगवेगळ्या किमती धरून एकेक फिट करा आणि किती किमतींना जवळपास सारखाच चांगला फिट येतो ते बघा. बहुतेक वेळा लांबच्या लांब पट्टा सापडतो, तो तसाच लिहा. डाग सगळ्यात शेवटी, आणि एकच. दोन डाग घातले की कुठलाही आलेख जुळतो, मग त्यात तुमचं काय राहिलं?

फाइल

एएव्हीएसओला (बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकी संघटना) पाठवा किंवा स्वतःजवळ ठेवा, प्रत्येक मिनिममसमोर एवढं हवंच: बीजेडी का एचजेडी, टीडीबी का यूटीसी, एरर आणि ती कशी काढली, प्रायमरी का सेकंडरी, फिल्टर, किती बिंदू. आणि कॅमेऱ्याने छापलेली मूळ आयएसटी वेळ वेगळ्या कॉलममध्ये जशीच्या तशी, त्यावर एकही फॉर्म्युला न चालवता, घड्याळाच्या त्या दोन फोटोंसकट त्याच फोल्डरमध्ये.